जोत्यापासून दोन हात लांब

प्रश्न : यजमान निवृत्त झाले आणि मुंबईतलं बिऱ्हाड आवरून आम्ही कुडाळ तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो. घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. भोवताली माड, पोफळी आणि दोन फणस. यंदा पहिल्या पावसात मागच्या पडवीत पाखरांच्या पंखांचा सडा पडला आणि गणपतीपर्यंत मागील दाराची चौकट वाळवीने आतून पोकळ केली. माळ्यावर उंदीर, न्हाणीत बेडूक, आणि सप्टेंबरात तर न्हाणीच्या दाराशी साप निघाला. यजमानांनी घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो एकदा फवारून गेला, आता वर्षाचा करार करा म्हणतो. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्या म्हणतात, ‘जन्म गेला ह्या घरात, तुम्हालाच बरे साप दिसतात!’ मागच्या भिंतीला रचलेली लाकडं हलवायचा विषय काढला की रुसून बसतात. यजमान म्हणतात, अख्ख्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, पेव्हर ब्लॉक घालून टाकू. करार करू का? पेव्हर घालू का? आणि सासूबाईंची समजूत कशी काढू? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, तिन्हीपैकी पेव्हरचं उत्तर सगळ्यात सोपं. नको. कराराचं शेवटी बोलू. सासूबाईंचं मधे येईलच, कारण त्यांचं अर्धं म्हणणं मला पटलेलं आहे.

तुम्ही वाळवी, उंदीर, बेडूक आणि साप अशी चार संकटं मोजली आहेत. पण पत्र पुन्हा वाचून बघा. चौकट मागच्या दाराची, पंख मागच्या पडवीत, न्हाणी मागे आणि लाकडंही मागेच. म्हणजे भानगड आहे ती मागच्या भिंतीबाहेरच्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात. घरात येणारा बहुतेक जीव आधी तिथे मुक्काम करतो आणि मग फट सापडली की आत सरकतो. तो पट्टा तसाच ठेवून खोल्यांत फवारत बसलात तर दर वर्षी फवारावं लागेल, आणि करार विकणाऱ्याला तेच हवं असतं.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. सकाळचं ऊन चढलं की घराला एक फेरी मारा. नजर झाडांकडे नको, भिंतीच्या पायथ्याकडे ठेवा. पाऊस आत्ताच ओसरलाय, त्यामुळे भिंतीवर सगळं लिहून ठेवलेलं सापडेल. लाल चिखलाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत उडालेले असतील तर छपरावरून गळणाऱ्या पागोळ्या जोत्याच्या, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या, फार जवळ पडताहेत. हिरवं शेवाळ धरलं असेल तर तिथे पाणी साचून राहत होतं. जोत्यालगत भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला तर घुशीने बीळ काढलंय. आणि पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ जमिनीतून निघून चिऱ्याच्या सांध्यावरून वर चढलेली दिसली तर ती वाळवी. काही ठिकाणी तुम्हाला जोतं दिसणारच नाही. पातेरा म्हणजे वाळका पाला, माती, माडाच्या झावळ्यांची जुनी झापं यांनी ते झाकून गेलेलं असेल. त्या जागा खडूने खुणा करून ठेवा. काम तिथूनच सुरू करायचंय.

वाळवीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तीच खाते. आपल्याकडची ही वाळवी जमिनीत राहते. वारूळ दूर कुठेतरी, राणी खोल खाली, आणि कामकरी अन्नाच्या शोधात बाहेर. उघड्यावर, कोरड्या हवेत ती तग धरत नाही. म्हणूनच ती ओलसर मातीची नळी बांधत बांधत येते. चिरा ती खात नाही, पण जुन्या घरांत चिऱ्यांचे सांधे मातीत भरलेले असतात, आणि तो तिचा आयता रस्ता. आता यावरून बघा, जोतं जमिनीपासून निदान वीतभर उघडं, कोरडं आणि उन्हात असेल तर वाळवीला ती नळी उघड्यावर बांधावी लागते, आणि तुम्हाला ती लगेच दिसते. जोत्याला लाकूड टेकवलेलं असेल, पातेरा चढलेला असेल किंवा पावसाळ्यात पडवीला बांधलेली चुडतांची झापं दिवाळी उलटून गेली तरी तशीच लोंबत असतील, तर ती आडोशाआडोशाने आत पोचते आणि चौकटीवर बोट दाबल्यावरच कळतं.

नळी सापडली की लगेच झाडू मारून साफ करू नका, आणि रॉकेलही ओतू नका. मधलाच दोन बोटं तुकडा मोडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा. डागडुजी झाली असेल तर रस्ता चालू आहे, आणि औषध त्या जागी लागणार. नाही झाली तर बहुधा जुना, सोडून दिलेला रस्ता. पेस्ट कंट्रोलवाला येईल तेव्हा त्याला ‘सगळीकडे मारा’ असं न सांगता ‘इथे आणि इथे’ असं दाखवता येईल.

पंखांचंही तसंच. पहिल्या सरीनंतर उडणारी ती पाखरं म्हणजे पंख फुटलेली वाळवीच, नवीन वारूळ मांडायला निघालेली. पडवीतला दिवा चालू होता का त्या संध्याकाळी? असेल तर ती बाहेरून उजेडावर आली असतील, पंख टाकून गेली, आणि त्यातली बहुतेक पालींनी खाल्ली. त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण ती चौकटीच्या किंवा भिंतीच्या फटीतून बाहेर पडताना कोणी पाहिली असतील, तर मात्र वाळवी घरात पक्की बसलेली आहे असं समजा.

चौकट बदलाल तेव्हा सुताराला एकच विचारा, चौकटीच्या उभ्या बाह्या जमिनीत गाडणार का? गाडल्या की पुन्हा तेच. खाली काळ्या दगडाचा तुकडा देऊन त्यावर बाही बसवायला सांगा. आणि सागवान म्हणून निर्धास्त राहू नका. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण बाहेरचं पांढरं लाकूड ती आनंदाने खाते, आणि स्वस्तातल्या सागात पांढरंच जास्त असतं.

आता लाकडं, म्हणजे सासूबाई.

त्या जन्मभर राहिल्या आणि त्यांना त्रास झाला नाही, हे खरं असणार. कारण तेव्हा ती लाकडं चुलीत जायची. आठ-पंधरा दिवसांत रास खाली उतरायची, तळ दिसायचा, नवीन रचली जायची. नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं, सगळं जळून जायचं. चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडायचा, वासे काळेभोर व्हायचे. खळं शेणाने सारवलेलं, दिवसातून दोनदा झाडलेलं, आणि दिवसभर मागीलदारी कोणी ना कोणी वावरत असायचं. आज गॅस आहे. रास मात्र त्याच जागी आहे, तीही बहुधा बरेच दिवस कोणी न हलवलेली. म्हणजे सासूबाईंची सवय चुकीची नाही. चूल गेली आणि रास राहिली, एवढंच झालंय. त्यांना हे असंच सांगा. ‘तुमच्या वेळी बरोबर होतं’ हे ऐकायला ८१ व्या वर्षी कोणाला आवडत नाही?

आणि नुसतं सांगून भागणार नाही, आधी दुसरी जागा तयार करा. घरापासून दहा-बारा फुटांवर चार चिऱ्यांवर वासे आडवे टाकून, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच अशी खोप, वर पत्रा. जागा त्यांनाच निवडू द्या, आणि पावसात न भिजता, न घसरता तिथे जाता येईल अशी वाट करा, कारण त्यांचा खरा हट्ट बहुतेक तोच असतो. न्हाणीचं पाणी तापवायला लागतील तेवढी दोन दिवसांची लाकडं दाराशी एका लोखंडी स्टँडवर ठेवा. सगळं एकदम हलवायला जाऊ नका. सोडणं निम्मी करून माडांच्या आळ्यात पसरा, ओल धरून ठेवायला उत्तम.

रास मोडायचं काम भर दिवसा, वरून खाली, काठीने एकेक ओंडका सरकवत करायचं. पायात गमबूट, हातात जाड मोजे, आणि फटीत हात घालायचा नाही. अशा राशीत विंचू हमखास असतो, आणि आपल्या भागात फुरसं हा विषारी सापही. ते लहानसं असलं तरी त्याला कमी लेखू नका. कोकणातला लाल विंचू किती घातक, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेल्या कामामुळे जगाला कळलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर कसं उपयोगी पडतं ते त्यांनी दाखवून दिलं. दंश झालाच तर मंत्र-उतारा करत बसू नका, गाडी काढा.

उंदीर माळ्यावर कसे चढतात ते फणसाकडे बघितलं की कळेल. त्याची फांदी कौलांवर टेकलेली आहे ना? झाड तोडायचं नाही, फक्त छपरापासून पाच-सहा फूट अंतर राहील इतपत फांद्या छाटा. माडाच्या खोडावर चढणाऱ्यांसाठी खोडाला साधारण माणसाच्या उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा मारा. खालच्या फटी बुजवताना हे लक्षात ठेवा की पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो, आणि अर्ध्या इंचातून मोठाही. मागील दाराच्या उंबऱ्याखाली उजेड दिसतो का, ते रात्री आत दिवा लावून बाहेरून बघा. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी मारा. घुशीचं बीळ नुसत्या मातीने बुजवलं तर ती रात्रीत उकरते. चिऱ्याचे तुकडे आणि वर सिमेंट हवं. माळ्यावर सुटे नारळ आणि भाताची पोती ठेवलीत का? मग उंदरांनी कुठे जावं, तुम्हीच सांगा. झाकणाची पिंपं आणा.

उंदराच्या विषाबद्दल मी कडक आहे. बाजारात मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. ती माणसाच्या पोटात गेली तर तिला उतारा नाही. गावच्या घरात दर सुट्टीला नातवंडं येतात. पिंजरा लावा, कामाचा आहे. आणि चिचुंद्री दिसली तर तिला उंदीर समजून मारू नका, ती झुरळं आणि किडे खाते. वास येतो, कबूल.

साप दाराशी का आला, याचं उत्तर तुम्हीच दिलंय. न्हाणीत बेडूक, माळ्यावर उंदीर. त्याला घर नको होतं, जेवण हवं होतं. न्हाणीचं पाणी भिंतीलगत अळवात सोडलेलं असणार, असा माझा अंदाज. बहुतेक घरांत तेच असतं. अळू तिथून काढा, पाणी पाइपने दहा-बारा फूट लांब माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात न्या, आणि न्हाणीच्या मोरीला आतून बारीक जाळी बसवा. भिंतीला टेकलेले चिऱ्यांचे उरलेले तुकडे आणि फुटक्या कौलांचा ढीग उचला. मात्र आवाराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मोडायची कल्पना कोणी काढली तर नाही म्हणा. गडग्यात साप, सरडे, मुंगसं राहतात, राहू देत. तो घरापासून लांब आहे तोवर ती जागा त्यांची. धामण तर उंदरांचा काळ आहे.

फिनेल, गंधक, कार्बोलिक ॲसिड आणि सर्पगंधेची रोपं यांनी साप येत नाही, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. येतो. त्यापेक्षा रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या, आणि जमिनीवर अंथरूण घालणं बंद करा. मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हा तिच्यावरचा साधा उपाय. साप घरात शिरलाच तर मारू नका, तो कायद्यानेही गुन्हा आहे. वनखात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा. चावला तर कापाकापी आणि घट्ट दोरी बांधणं नको. हलवाहलव कमी, 108 ला फोन आणि सरकारी रुग्णालय.

पाण्याबद्दल थोडं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून नवा डास उडतो. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे करवंटी, जुना टायर, कुंडीखालची ताटली आणि छतावरची ताडपत्री, सगळं भरतं. पोफळीच्या पडलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद भाग, बघा, त्यांचा द्रोण होतो आणि वाटीभर पाणी धरतो. त्या उपड्या करा. पिंप आठवड्यातून एकदा नुसतं रिकामं न करता घासून काढा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपला वरून नायलॉनची जाळी बांधा. हे काम दहा मिनिटांचं, पण बहुतेक घरांत कोणी करत नाही. विहिरीसाठी गप्पी मासे आरोग्य केंद्रात विचारा, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मात्र सोडू नका.

रानातून पातेरा आणत असाल तर तो घराशी साठवू नका. दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडतापाची साथ आली होती. तो ताप रानातल्या गोचिडींमुळे येतो. रानात जाऊन आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ, एवढं पाळा. मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा.

बाकीचे किरकोळ. पैसा किडे आणि गोमी पावसात आत येतात त्या पातेऱ्यामुळे. तो जोत्यापासून काढला की कमी होतील. आल्या तर केरसुणीने बाहेर. ओंबील, म्हणजे झाडावर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, तुमच्याकडचे हुमले, कौलांवर चालत येत असतील तर तीच फणसाची फांदी छाटा, त्यांची घरटी जाळू नका. झाडांवरची कीड तेच खातात. मागच्या पडवीतला पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळसर उजेडाचा लावा आणि तोही दारावर न लावता दारापासून थोडा दूर. पांढऱ्या उजेडावर किडे जमतात, किड्यांवर बेडूक, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पेव्हर का नको? एक तर अख्खं खळं झाकलं की पावसाचं पाणी मुरायचं कमी होतं आणि उतार चुकला तर जोत्याकडेच धावतं. दुसरं, ब्लॉकखाली वाळू आणि ओल असते. त्याखालून वाळवी भिंतीपर्यंत आली तर तुम्हाला पत्ताच लागणार नाही. यजमानांना खर्च करायचाच असेल तर फक्त जोत्याभोवती दोन-अडीच फुटांचा कोबा करा. त्याचा उतार भिंतीपासून बाहेर, दोन फुटांत निदान इंचभर, आणि भिंत-कोब्याची सांध नीट भरलेली. पागोळ्या कोब्याच्या बाहेर पडतील एवढी पन्हळ लावून घ्या. त्या पट्ट्यात कुंडी नको, झाड नको, सायकलही टेकवायची नाही. हे सगळं आता ते मे या काळात उरकायचं. जूनमध्ये गवंडी मिळत नाही, हे तुम्हाला मुंबईहून आल्यापासून कळलंच असेल.

आता करार. फक्त वाळवीसाठी आणि फक्त चालू नळ्या सापडल्या तरच एकदा काम करून घ्या. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 6313 हे मानक आहे, त्याचा तिसरा भाग आधी बांधलेल्या घरांसाठी. त्या पद्धतीत भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फूट-फूट अंतरावर बारीक भोकं पाडून औषध आत सोडतात आणि भोकं बुजवतात. नुसता फवारा मारून गेलेला माणूस वाळवीचं काम करून गेलेला नसतो. औषध कोणतं, क्लोरपायरिफॉस की इमिडाक्लोप्रिड, किती पाण्यात किती, आणि किती भोकं, हे बिलावर लिहून मागा. आणि विहीर किती फुटांवर आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, ते आधी मोजा. चिरा सच्छिद्र असतो, वरून ओतलेलं खाली झिरपतं. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला औषध घालायचं असेल तर त्याने ते पाण्यापासून कसं राखणार हे सांगायलाच हवं, आणि पावसाळ्यात तर हे काम नकोच.

उंदीर, डास, साप यांसाठी वर्षाचा करार करू नका. त्याला विचारा, ‘फवारणी कुठे करणार?’ खळ्यात, झाडांवर, गटारावर, सगळीकडे, असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि रवाना करा.